भूप की देशकार?

महोदय,

परवा नातीला गाण्याच्या क्लासमधून आणायला गेले, तर आत वाद रंगलेला. बाईंनी पाच सुरांची एक फिरत गाऊन विचारलं होतं, राग कोणता, भूप की देशकार? दोन्हींत मध्यम-निषाद (म आणि नी) वर्ज्य, म्हणजे घ्यायचे नाहीत, सूर तेच; फरक कोणत्या सुरावर भर द्यायचा याचा. एक मुलगा म्हणाला भूप, आणि गंधारावर (ग) थांबून दाखवलं. नातीने तीच जागा धैवतावर (ध) ठेवून गायली. मग सगळेच गाऊन बघू लागले आणि देशकारावर आले. बाई पेटीवर हात ठेवून गप्प. (असं गप्प बसणं सोपं नसतं; मी शिक्षिका होते.) परीक्षा जवळ आली की मात्र हेच ‘वादी धैवत, संवादी गंधार’ (वादी म्हणजे रागाचा मुख्य सूर, संवादी त्याखालोखालचा) म्हणून वहीत उतरवून घोकायचं. तोंडी परीक्षेत चौघांनी मिळून राग ओळखायचा एखादा प्रश्न का नसावा?

– एक आजी, पुणे