आर्टाच्या पुलाची अर्धीच सांगितलेली गोष्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ग्रीसवरचा लेख वाचला. बेटांच्या गर्दीत आर्टासारख्या आडबाजूच्या गावाला दोन परिच्छेद मिळाले, याचा आनंद झाला. पण तिथल्या दगडी पुलाची लोकगीतातली गोष्ट लेखकाने, पूल उभा राहावा म्हणून बाईला खांबात चिणले, तिथेच सोडून दिली. माझी नोकरी पुलांवर गेली आणि मुलाकडे जर्मनीला गेलो असताना हा पूल मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलो, म्हणून हे पत्र.

लोकगीतात पंचेचाळीस गवंडी आणि साठ शिकाऊ दिवसभर बांधतात, रात्री सगळे ढासळते. माणसासारखा बोलणारा पक्षी सांगतो, मुख्य गवंड्याच्या बायकोचा बळी द्या. खाली अंगठी पडलीय म्हणून तिला खांबाच्या पोटात उतरवतात. ती शाप देते : अक्रोडाचे पान थरथरते तसा हा पूल थरथरो, वरून जाणारा खाली पडो. तेव्हा तिला आठवण करून देतात, तुझा भाऊ परदेशात आहे, उद्या तोच इथून आला तर? आणि मरता मरता ती शाप मागे घेते. अहो, गीताचा जीव तर इथे आहे! नेमका तोच गाळला.

रात्री पूल पाडणारी भुते म्हणाल, तर ती मला पुलाखालच्या आराख्थोस नदीतच दिसली. पिंडस डोंगरातून येणारी ही नदी पुरात खांबांखालची माती धुऊन नेत असणार. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे पाण्याचे आकडे बघत पावसाळे काढणाऱ्या सांगलीकराला हे वेगळे सांगायला नको. आज दिसणारा पूल सतराव्या शतकातला, लांबी सुमारे १४५ मीटर, मोठ्या कमानी चार आणि चारही असमान. खांबांच्या वर लहान कमानी मोकळ्या ठेवल्यात. पाणी चढले की तिथून वाट मिळते. हे बांधणाऱ्याला नदी कळली होती. आता वरच्या अंगाला पुर्नारी धरण झाल्याने नदी बरीच निमूट वाहते.

गाव त्याहून कितीतरी जुने. हेच प्राचीन अँब्रेशिया, हत्ती घेऊन इटलीवर चालून गेलेल्या पिऱ्हस राजाची राजधानी. इ. स. पू. १८९ मध्ये रोमनांनी वेढा घालून तटाखाली भुयार खणले, तर आतल्यांनी पातळ पितळी भांडी ओळीने लावून हादऱ्यावरून भुयाराची जागा शोधली आणि पिसांनी भरलेला रांजण पेटवून भात्याने धूर आत सोडला. तेराव्या शतकाअखेरचे पारिगोरितिसा चर्च बाहेरून चौकोनी वाड्यासारखे दिसते. आत जुने खांब भिंतीत आडवे रोवून पुढे काढलेत, त्यांच्यावर उभे खांब, असा मजल्यावर मजला चढवून घुमट तोललाय. असे आराखडे आमच्या कचेरीत कुणी मंजूर केले नसते.

१८८१ साली आर्टा ग्रीसला मिळाले, पण पलीकडचा काठ तुर्कांकडेच राहिला. १९१२ पर्यंत हा पूल म्हणजे सरहद्द!

लेखात याच नदीवरच्या, डोंगरातल्या प्लाका पुलाचा उल्लेखही नाही. १८६६ साली बांधलेली, सुमारे ४० मीटर गाळ्याची एकच दगडी कमान. १ फेब्रुवारी २०१५ रोजी पुरात ती कोसळली. काँक्रीटचा सरळसोट पूल टाकून मोकळे होता आले असते. पण तसे न करता अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या अभ्यासाच्या आधारे त्याच जागी पुन्हा दगडाचीच कमान उभी केली, २०२० मध्ये काम पुरे झाले. आपल्याकडे जुनी कमान पाडायची निविदा किती चटकन निघते, हे मी आतून पाहिले आहे.

पुरवणीत पुढे कधी ग्रीसचा विषय निघाला, तर प्लाकाची लाकडी ढोल्यावर (कमान बांधताना खाली दिलेल्या तात्पुरत्या सांगाड्यावर) चढत गेलेली कमान छायाचित्रांसह जरूर छापावी. आमच्या अभियांत्रिकीच्या मुलांना ती दाखवण्यासारखी आहे.

– एक निवृत्त उपअभियंता, सांगली