तुझी चप्पल गेली तिथं

भिलवडी
बुधवार, रात्री

प्रिय सदू,

सप्रेम नमस्कार.

तब्येत बरी आहे. साखर गोळीवर, आईचे गुडघे थंडीवर, बाकी घरात सगळं ठीक. एवढं बास.

सदू, आपल्या नदीत खडस आहे, महसीर म्हणतात तो मासा. रविवारी माझ्या गळाला लागला.

आबांच्या नावेतून गेलो होतो. आबा आता वल्हं धरत नाहीत. नाव नातू चालवतो आणि आबा काठावर बसून त्याला शिव्या देतात, मधूनच मला. जागेचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. तुझी नवी कोरी चप्पल गेली आणि तू एका पायात चप्पल घालून एस.टी.त चढलास, ती जागा. कळलं ना? कंडक्टरनं तुला काय विचारलं होतं तेही आठवत असेल.

तिथं तर नुसता गाळ होता, असं म्हणशील. होता. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्या पुरात तो सगळा धुऊन निघाला आणि खालची खडी उघडी पडली. २०२१ च्या पुरानं उरलासुरला नेला. आता नदी तिथं उथळ होऊन खळखळत वाहते, सकाळच्या उन्हात तळाचे गोटे मोजून घ्यावेत. बाकी वरखाली सगळीकडं जलपर्णीचं केंदाळ माजलंय, तेवढा पट्टा मात्र मोकळा. काठावर दोन मगरी उन्हाला पडलेल्या असतात. त्या आपल्या जागी, आपण आपल्या जागी. लागलेले मासे आता दोरीत ओवून पाण्यात सोडायचे नाहीत, घमेल्यात नावेतच ठेवायचे, आणि हात धुवायलासुद्धा काठाशी वाकायचं नाही, एवढे दोन नियम नातवानं मला घालून दिलेत. आपल्या वेळी गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीत बसून नदीत जायचो, ते त्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. तू वल्हं मारायला लागलास की काहील जागच्या जागी गरगर फिरायची आणि तू म्हणायचास, नदीच फिरतेय.

गेलो होतो चिलापीला. थंडी ओसरून ऊन जरा तापलं की ती उथळ पाण्यात येते. नर तळाशी पसरट खड्डे करतात आणि त्यावर राखणीला बसतात, आपण पोरं होतो तेव्हा त्यांना ‘चिलापीची ताटं’ म्हणायचो. दगड सोडून नाव ताटांच्या वरच्या अंगाला थांबवली. बारीक गळ, तरंगायला मोरपिसाचा दांडा, कणकेची गोळी. चिलापीचं तुला माहीत आहे, आधी उगाच चघळत बसते, दांडा थरथरतो, मग हळूच आडवा सरकायला लागतो. तशा चांगल्या चार-सहा घमेल्यात पडल्या. एकीच्या तोंडातून पिल्लं सांडायला लागली, तिला लगेच सोडली. या बाबतीत आबांचा कायदा अजून चालू आहे.

मग दांडा थरथरलाच नाही. एकदम नाहीसा झाला. गळाची तंगूस बोट कापत वरच्या धारेला पळाली. धारेच्या उलट, सदू! मला वाटलं दांडगी मरळ. दम लागेपर्यंत खेळवलं आणि वर आला तो जेमतेम वीतभर.

रोहू असेल म्हणू नकोस. ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. एवढ्याशा अंगावर एवढाली खवलं, पाठीला काळपट हिरवी आणि कुशीला पितळी झाक, पर निळसर राखाडी. तुझे आजोबा धुण्याच्या दगडावर बसून जसा सांगायचे तसाच्या तसा. आपण त्यांना खोटं ठरवून हसायचो. मी त्याला पाण्याबाहेर फार ठेवलाच नाही. गळ ओठातच होता, सुटला. तळव्यावर क्षणभर स्थिर राहिला आणि शेपटीचा एक फटकारा मारून धारेत शिरला. माझे हात नंतर कितीतरी वेळ कापत होते. घरी सांगितलं तर ही म्हणाली, सोडला कशाला, कालवणाला झाला असता. हिचं चुकत नाही. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आता खरी गोष्ट. सोडायच्या आधी नातवानं मोबाइलवर फोटो काढला. फोटोत मासा झकास आलाय, आणि मागं ते वाकडं करंजाचं झाडही आलंय. ते झाड बघून इकडचं शेंबडं पोरगंसुद्धा जागा ओळखेल. त्याला तो ग्रुपवर टाकायचाय. मी म्हटलं, थांब जरा. थांबलाय बिचारा, पण रोज विचारतो, “काका, टाकू का?” आणि मला त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणावं ते समजत नाही. नदीवर त्याच्या चार पिढ्या जगल्या. मी सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारा हौशी माणूस.

फोटो बाहेर गेला की काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय. तुला राग येईल, तरी मरळीचं काढतोच. खडकाखाली ती जोडी होती, वर तिच्या पिल्लांचा लालभडक पुंजका तरंगायचा. तू कौतुकानं पारावर सांगितलंस. कौतुकानंच, ते मला तेव्हाही कळत होतं. पण पिल्लांजवळ काहीही हललं की मरळ त्यावर तुटून पडते, तिला गळाला लावायला अक्कल लागत नाही. आठवडा झाला नसेल, नर-मादी दोन्ही कुणाच्या तरी तव्यावर गेली आणि राखणदार गेल्यावर पिल्लं दुसऱ्या माशांनी खाल्ली. गणपती येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नव्हतो. आता तर तसं गळ घेऊन कुणी बसतही नाही. सुरुंगाचे तोटे टाकणारे येतात. एक बार, आणि डोहातलं बोटभर पिल्लूसुद्धा पांढरं पोट वर करून येतं. चिलापी त्यातूनही उठेल, १९५२ साली देशात आली आणि कुठल्याही डबक्यात घर करून बसली. खडसाचं तसं नाही. त्याला वाहतं पाणी पाहिजे, खडी पाहिजे, अंडीही रोहूच्या मानानं थोडी. एकदा गेला की गेला.

म्हणून गप्प बसावं, असं सोमवारपर्यंत पक्कं होतं. मग रात्री २०२३ चा मार्च आठवला. सांगलीजवळ मेलेल्या माशांचा तो खच. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी नदीत आलं की ते कुजवणारे जंतू पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. मासे तोंड वर काढून हवेला हपापतात, तासाभरात खेळ खलास. त्यातही चिलापी बराच वेळ तग धरते. आधी मरणार तो ज्याला खळखळतं पाणी लागतं. गाळपाचा हंगाम अजून संपलेला नाही, धरणाचं आवर्तन बंद होऊन नदी आटली की मला रोज धास्ती. आणि सदू, तो तिथं होता हेच कुणाला माहीत नसेल तर तो मेला हे तरी कोण म्हणणार? पंचनाम्यात लिहितील, चिलापी आणि इतर मासे. आपला खडस ‘इतर’मध्ये जाईल. नोंद नाही म्हणून नुकसान नाही. हे मला सहन होत नाही.

आणखी एक डोक्यात घोळतंय. वीतभर म्हणजे पिल्लूच. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर सत्तरच्या दशकापासून खडसाचं बीज तयार करतात, तिथून ते लांब लांब नेऊन सोडलंय. त्यातलाच एखादा वरच्या कुठल्या धरणात सोडलेला आणि वाहत खाली आलेला असू शकेल. की इथंच, त्या नव्या खडीवर, जन्मला? तसं असेल तर त्याचे आईबाप त्याच डोहात आहेत. कोयनेला भिंत झाली, धोमला झाली, बंधारे झाले, आणि तरी ते आहेत. असं मनात आलं की मी उठून अंगणात फेऱ्या मारतो.

आता तुझं काम. सांगलीला आपले प्राणिशास्त्राचे सर अजून आहेत. निवृत्त झालेत, पण नदीवरचे मासे वहीत टिपून ठेवतात असं ऐकलं. मी त्यांचा नावडता, तू लाडका, तुझ्या बेडकाचंच त्यांनी वर्गभर कौतुक केलं होतं. तू त्यांना विचार: जागा गुप्त ठेवून नोंद करता येते का? तालुका लिहा, नदी लिहा, डोह लिहू नका. आणि फोटो झाड कापून चालेल का? खवलं मोजता येतील इतका स्पष्ट आहे. ते हो म्हणाले तर नातवाला मी स्वतः घेऊन जाईन, नोंदीत नाव त्याचं लागलं पाहिजे. ते झालं तर ग्रुपवर न टाकल्याचं त्याला दुःख होणार नाही, एवढं मी त्याला ओळखतो. सर नाही म्हणाले तर काय करायचं ते तूच सांग. पण ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असं लिहू नकोस, या वाक्यावर आपलं एकदा भांडण झालेलं आहे.

चिरंजीवांना नोकरी लागल्याचं बाळ्याकडून कळलं, फार आनंद झाला. पुण्यातच ना? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन उरकलं का? नव्या घराचं छत गळतं म्हणाला होतास, त्याचं काय झालं ते लिही. भडंग बाळ्याबरोबर पाठवतोय, अर्धं तरी घरी पोचू दे.

फोनवर यातलं काही बोलू नकोस, तुझा आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत जातो. पत्रच टाक आणि होळीच्या आत टाक. तोवर मी पोराला थोपवून धरतो.

तुझा,
अन्या

ता. क. येताना अगदी बारीक गळ घेऊन ये, इथं सध्या मोठेच मिळतात. आणि आबांनी विचारलंय, “तो वल्ह्याला नदी फिरवणारा कधी येतोय?”