घोड्यांच्या कुरणाला बंगल्याची जाळी नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पाऊस सरला की कर्जत, मुरबाड, अलिबागकडच्या मुंबईकरांच्या जमिनींवर कुंपणाची कामे निघतात. घोडे चरायला सोडायचे असतात तिथेही बंगल्याच्या आवाराची चेनलिंक (तिरप्या चौकटींची विणलेली) जाळीच लागते, कारण ठेकेदार फुटाचा दर सांगतो आणि मालक तेवढेच विचारतो. ती जाळी माणसाला बाहेर ठेवण्यासाठी असते. घोड्याच्या बाबतीत आधी पाहायचे ते त्याचा पाय अडकेल का.

घोडा माश्या हाकलायला पाय आपटतो, पलीकडच्या गवतासाठी पुढच्या पायाने खरवडतो, शेजारच्या घोड्यावर लाथ झाडतो. पाय अडकला की तो बिथरून ओढत राहतो. तार खूर आणि नालेच्या फटीत रुतते, कातडी हाडापर्यंत सोलवटते. म्हणून सहा इंची चौकोनांची शेतजाळी वाईट, आणि काटेरी तार तर घोड्याच्या जवळपासही नको. चेनलिंकची एक तार तुटली की वीण उसवत जाते, शिवाय तिची खालची टोके बहुधा उघडी असतात. वेल्डमेशवर, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेल्या जाळीवर, घोडा रेलला की वेल्डिंगचे टाके सुटतात आणि मोकळी टोके बाहेर येतात.

घ्यायची ती गाठी मारून विणलेली जाळी: भोक 2 इंच रुंद, 4 इंच उंच, तार किमान 2.5 मिलिमीटर, उंची 5 फूट. वयात आलेला नर असेल तर 6 फूट. तारेची जाडी सांगणारा गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, तेव्हा जाडी मिलिमीटरमध्येच विचारा. हिरव्या प्लास्टिकच्या जाळीत सांगितलेल्या जाडीत प्लास्टिकही धरलेले असते. टोक सोलून आतले पोलाद मोजा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत जस्ताचा लेप दर चौरस मीटरला 240 ग्रॅमच्या आसपास हवा. बाजारात याहून पुष्कळ हलका लेप सर्रास मिळतो आणि नवा असताना डोळ्यांना फरक कळत नाही. विक्रेत्यांनी तारेची जाडी आणि जस्ताचे वजन बिलावरच लिहून द्यावे, ही आमची आग्रहाची विनंती.

खांब 8 ते 10 फुटांवर, जमिनीत अडीच ते तीन फूट. जाळीचा सगळा ताण कोपऱ्याच्या खांबांवर येतो. त्यांना तिरका टेकू नसेल तर ते आत झुकतात आणि पूर्ण ओळ सैल पडते. जाळी खांबाच्या आतल्या, म्हणजे घोड्याच्या बाजूने लावा. बाहेरून लावली तर त्याच्या रेट्याने बांधणी उखडते. जाळी खांबाला बांधायच्या बाइंडिंग वायरची टोके मात्र बाहेर वळवा. आडव्या तारांना ठराविक अंतरावर बाक दिलेला असतो, तोच जाळीचा स्प्रिंग. ताणताना तो साधारण निम्मा उरू द्या. पार सरळ केला तर धक्का सोसायला काही उरत नाही. वरच्या कडेला लाकडी फळी किंवा रुंद पट्टी हवीच, कारण धावत्या घोड्याला नुसती जाळी दिसत नाही. लोखंडी अँगलची धारदार टोके झाकून घ्या.

खाली दोन-तीन इंच फट ठेवा. जाळी ओल्या मातीला टेकली तर तिथूनच गंजते, आणि फट मोठी झाली तर लोळणाऱ्या घोड्याचा पाय खाली जातो. पावसात ही फट वाहून रुंदावते, तेव्हा तिथे मुरूम भरून ठोकून घ्या. जाळीवर चढलेल्या वेली ओल धरून ठेवतात. दोन्ही बाजूंनी फूटभर पट्टा साफ ठेवा. कापलेल्या किंवा खरचटलेल्या जागी गंज तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त रंग लावा. मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा पूर्ण कुंपण पायी फिरून प्रत्येक खांब हलवून पाहा, वादळानंतर पडलेल्या फांद्यांसाठी आणखी एकदा.

धनुर्वाताची लस चालू असली तरी तारेची जखम झाल्यास पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा. घोड्याला हा रोग फार लवकर जडतो आणि खुराजवळची बारीक, खोल जखम केसांत दिसतही नाही.

आपला,
एक अश्वपालक, बोरिवली, मुंबई