कोयत्यावर गेलेल्यांची मुले आणि गावाची जबाबदारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उसाचा गाळप हंगाम जवळ आला की एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर), साखर उतारा आणि गाळप परवाने यांच्या बातम्यांना वृत्तपत्रांत ठळक जागा मिळते, आणि ती मिळावी हे योग्यच आहे. परंतु त्याच सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या ज्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात निघतात, त्यांच्या मुलांकडे पुढचे पाच-सहा महिने कोण पाहणार, हा प्रश्न बहुधा हंगाम अर्धा सरल्यावर चर्चेला येतो.

ऊसतोडीचा हिशेब कोयत्यावर होतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, अर्धा कोयता धरतो. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती फेडायची असते. त्यामुळे आईने मागे राहून मुले सांभाळावीत, ही सोय या धंद्यात बसतच नाही. मूल सोबत न्यायचे किंवा आजी-आजोबांकडे ठेवायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. सोबत गेलेले मूल अड्ड्यावरच्या, म्हणजे मजुरांच्या तळावरच्या, कोपीत (झोपडीत) राहते. आईबाप पहाटे अंधारातच फडावर जातात, आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे शिक्षण हमी कार्ड हातात असले तरी जवळच्या शाळेत तिला कोणी ओळखत नाही. ती गैरहजर राहिली तर घरी विचारायला येणारे कोणी नसते, आणि माझ्या मते खरे नुकसान येथेच होते. बुडालेला अभ्यास पुढे कसाबसा भरून काढता येतो. परंतु आपण कोठे आहोत याची चार परक्या माणसांना फिकीर आहे, हा अनुभव ज्या वयात मिळायचा ते वय पुन्हा येत नाही.

यावर आपल्याकडे एक चांगली व्यवस्था आहे, ती म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचे असले तरी पुष्कळ ठिकाणी मूल रात्री आजीजवळ किंवा चुलत्याच्या घरी झोपते. सकाळ-संध्याकाळचे जेवण मात्र शाळेच्या आवारात, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, गावातल्याच बायकांच्या हातचे मिळते. थकलेल्या आजीवरचा चुलीचा भार यामुळे उतरतो आणि नातवंडाला मागे ठेवून घेण्यास ती तयार होते. स्वयंपाक करणारी बाई मुलाची आई कोण, बाप कोण हे जाणून असते. मूल जेवायला आले नाही तर ती हाक मारत घरापर्यंत जाते. मी शिक्षिका असताना पाहिले आहे की अशी मुले भांडतात, खेळतात, गावच्या सप्ताहाच्या पंगतीत वाढायला उभी राहतात. थोडक्यात, इतर मुलांसारखीच चारचौघांत वाढतात. कारखान्यांच्या परिसरात मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळांनी नव्वदच्या दशकापासून मोलाचे काम केले हे मान्य करूनही, मुलाला त्याच्या माणसांतच ठेवणारी ही योजना मला अधिक शहाणपणाची वाटते.

अडचण अशी की टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि वसतिगृहाची मंजुरी व निधी अनेकदा त्यानंतर येतो. जेवणाची खात्री नसताना कोणती आई मूल मागे ठेवील? एकदा ट्रॅक्टरमध्ये बसलेले मूल नंतर मंजुरी आली म्हणून परत येत नाही.

गावाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. शाळा गावठाणात आणि तांडा किंवा वस्ती दूर असेल, तर अंधारात मुले तेथून जेवायला येत नाहीत. आणि ‘आमची मुले’ म्हणताना गाव कोणाकोणाला धरते, हे पंगतीत बसल्यावर दिसते. वयात आलेल्या मुलींची स्थिती याहून कठीण आहे. तिला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या धास्तीपोटी तिचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीत, २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३ टक्क्यांहून अधिक आढळले. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीच्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेचा मोठ्या मुलींना आधार होऊ शकतो. पण जिला तालुक्याला पाठवायला घरचे तयार नाहीत, तिच्यासाठी गावातच रात्री सोबतीला राहणारी, मानधन मिळणारी एखादी जाणती स्त्री हवी. अनेक गावांत निवृत्त अंगणवाडी सेविका आहेत; त्यांना विचारून पाहावे.

म्हणून विनंती अशी, की स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी ग्रामसभेने सप्टेंबरातच करावी, जिल्हा परिषदेने निधीचा पहिला हप्ता टोळ्या निघण्यापूर्वी द्यावा आणि मोठ्या तांड्यांवर जेवणाचे वेगळे केंद्र मंजूर करावे. सहा वर्षांखालची मुले मात्र आईबरोबर जाणारच. त्यांच्यासाठी अड्ड्यावर पाळणाघर चालवणे ही ज्या कारखान्याचा ऊस तोडला जातो त्याची जबाबदारी ठरवावी; आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने आपल्या निधीतला ठरावीक भाग त्यासाठी राखून ठेवावा व त्याचा जिल्हावार हिशेब दर हंगामाअखेर प्रसिद्ध करावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. धारूर, जि. बीड