मिरगाच्या आधीचं जळण

जांबोटी, ता. खानापूर
एप्रिल

प्रिय महादू,

ट्रॅक्टरवरचं लाकूड फोडायचं यंत्र घेऊ का, असं तू विचारलंस. फोन मध्येच तुटला, म्हणून लिहितोय.

घे, पण हायड्रॉलिकचं, तेलाच्या दाबावर चालणारं. ते मळसूत्री टोकाचं स्वस्त पडतं खरं, पण टोक गाठीत अडकलं की अख्खा ओंडकाच गरगर फिरतो आणि जवळच्याची नडगी फोडतो. हायड्रॉलिकची पाचर सावकाश सरकते. दांडी सोडल्यावर जागेवर थांबते ना, एवढं दुकानातच चालवून बघ.

परवा फणसाचा बुंधा घातला होता. आधी नुसतं करकरलं, मग सालीवर बारीक चीर पडली आणि आतलं हळदीसारखं पिवळं लाकूड उघडलं. घण घेऊन दोघांनी सकाळ घालवली असती त्यावर. सरळ किंदळीच्या लाकडाला मात्र कशाला ट्रॅक्टर? कुऱ्हाडीचा एक घाव बास. डिझेल गाठीच्या लाकडासाठी राख. आणि निलगिरी ओलीच फोड, वाळली की दाद देत नाही.

यंत्राचा पंप पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा असेल तर शाफ्टचं प्लॅस्टिकचं कव्हर काढू नकोस. आपल्याकडं पहिल्यांदा तेच काढून फेकतात! मिनिटाला 540 फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल गुंतला तर ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. तुझा तो टॉवेल घरात ठेव, मर्दा. पट्ट्यावरची गोल करवत तर आणूच नकोस; लांबीचे तुकडे गिरणीतून करून आण.

फोडायचं ते आत्ताच. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते वीस टक्क्यांवर आलं तर चूल धगधगते, नाहीतर सगळी आच पाणी आटवण्यातच जाते आणि वहिनी धुरात डोळे चोळत बसतात. 7 जूनच्या आसपास मिरीग. तोवर ढलप्यांना ऊन दे, मग घराच्या पूर्वेच्या वळचणीला रच. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो. खाली दगड ठेव, नाहीतर वाळवी लागते.

बांधावरचं झाड पाडायचं असेल तर आधी वनखात्यात विचार. कर्नाटकाचा 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि ट्रॉली रस्त्यात अडवली तर कानडीत हुज्जत घालायला तू एकटाच असशील.

यंत्र घेण्याआधी एकदा इकडं ये, माझं चालवून बघ. येताना बेळगावातनं ग्रीसचा डबा आण. पैसे इथं देतो.

तुझा,
परशा