अनुभवी डॉक्टरांना शिकवायलाही शिकवा

सरकारी रुग्णालयांतील १० वर्षे अनुभव असलेल्या तज्ज्ञांना सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट खुली करणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२५चे नियम स्वागतार्ह आहेत. शिक्षकांची टंचाई खरी आहे आणि या डॉक्टरांनी पाहिलेले रुग्णही कमी नाहीत. पण रुग्ण तपासणे वेगळे, तपासायला शिकवणे वेगळे.

एमबीबीएसला २०१९च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू आहे. विद्यार्थ्याला किती पाठ आहे यापेक्षा त्याला काय करता येते, हे त्यात पाहायचे असते. त्यासाठी शिक्षकाने खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्याचा हात कुठे चुकतो, तो रुग्णाशी कसा बोलतो हे पाहायला हवे आणि तिथल्या तिथे सांगायला हवे. प्रत्यक्षात काय होते? मी शिकवत असताना सत्र संपता संपता पन्नास-पन्नास लॉगबुके (विद्यार्थ्याला काय करता येते याच्या नोंदवह्या) एकदम टेबलावर येत आणि एका बैठकीत सह्या होत. ज्याने सलाइनची सुई एकदाही लावली नाही, त्याच्याही रकान्यात ‘जमते’ असा शेरा पडे. मीही तशा सह्या केल्या, याची आजही बोच आहे.

शिक्षकांसाठी वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम आहे, पण तो तीन दिवसांचा. सभागृहातल्या तीन दिवसांत ही नजर येत नाही. नव्या प्राध्यापकांना पहिले सहा महिने वॉर्डात अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने शिकवू द्यावे आणि त्या वेळेपुरता त्यांच्यावरील बाह्यरुग्ण विभागाचा भार कमी करावा.

– एक निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक, सांगली