जुन्या घरात धातूचे दिवे लावताना अर्थिंगचा विचार कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की जुन्या घरांतले साधे होल्डर उतरवून त्यांच्या जागी पितळी झुंबर, आरशावरचा स्टीलचा दिवा किंवा पत्र्याच्या बॉडीची एलईडी ट्यूब लावण्याची लगबग सुरू होते. या हौसेला माझा आक्षेप नाही. मात्र दिवा घेताना त्याचा उजेड, रंग आणि वॉट यांची जेवढी चौकशी होते, तेवढी छतातून खाली आलेल्या वायरी दोन आहेत की तीन (तिसरी अर्थची, म्हणजे धातूच्या बॉडीवर उतरलेला करंट जमिनीत नेणारी) याची होत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे.

पुण्याच्या पेठांमधले वाडे, मुंबईतल्या चाळी आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या कित्येक जुन्या सोसायट्या यांचे वायरिंग लाकडी पट्टीवरून गेलेले असे. त्यात दिव्याच्या पॉइंटला फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी) एवढ्या दोनच वायरी येत. अर्थची उघडी तार असलीच तर ती पंधरा अँपिअरच्या प्लगपाशी थांबलेली असायची. त्या काळात ते फारसे खटकतही नसे, कारण लाकडी ब्लॉक, बेकेलाइटचा होल्डर आणि काचेचा बल्ब यांत हाताला लागेल असा धातू बहुतेक ठिकाणी नसायचाच. आज त्याच दोन वायरींवर आपण धातूचे अख्खे झुंबर टांगतो. त्या वायरींवरचे रबर इतके वाळलेले असते की जोड करण्यासाठी वायर जराशी वाकवली तरी ते तुकड्यातुकड्यांनी गळून पडते आणि आतले तांबे उघडे होते. ते तांबे दिव्याच्या वाटीला आतून टेकले की २३० व्होल्ट थेट बॉडीवर येतात आणि तरीही दिवा नेहमीसारखाच जळत राहतो. जुन्या घरांत कधी कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेला आढळतो. तसे असेल तर स्विच बंद करून स्टुलावर चढलेल्या माणसाच्या हातातला दिवा तेव्हाही 'लाइव्ह' असतो.

गिऱ्हाईक फारच मागे लागले तर काही वायरमन 'अर्थ देतो' म्हणतात आणि दिव्याचा अर्थ-स्क्रू पॉइंटमधल्या न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. याहून वाईट उपाय नाही. पुढे कुठे तो न्यूट्रल तुटला किंवा जोडावर सैल झाला, की स्विच चालू असताना दिव्यातूनच फेज बॉडीवर येतो. आणि मीटरपाशी कोणी फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली असेल तर बॉडी थेट फेजवरच असते. दुसरी जुनी खोड म्हणजे अर्थची तार नळाच्या पाइपाला बांधण्याची. लोखंडी पाइप जमिनीत होते तोवर हे कसेबसे निभावत असे. आता दुरुस्तीत सोसायटीने प्लास्टिकचे पाइप टाकले की ती तार कुठेच पोहोचत नाही आणि याची खबर कुणालाच नसते. उलट मधे लोखंडी पाइपाचा तुकडा उरला असेल, तर एका घरातला करंट दुसऱ्याच्या नळाला येऊ शकतो.

खरा उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. मेन बोर्डाच्या अर्थपासून दिव्याच्या पॉइंटपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची वायर ओढावी आणि ती दिव्याच्या अर्थ-स्क्रूला, रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर, घट्ट आवळावी. झुंबर साखळीने टांगलेले असेल तर साखळीच्या भरवशावर न राहता वायर खालपर्यंत न्यावी. रबराची वायर मुळातच मोडकळीला आली असेल तर फक्त हिरवी वायर वाढवून भागणार नाही, ते वायरिंगच बदलावे लागेल. एवढा खर्च आज झेपत नसेल, तर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचा दिवा घ्यावा, कारण त्याला अर्थची गरज नसते. पितळेची शोभा त्याला येत नाही हे मान्य, पण वायरिंग बदलेपर्यंत तेवढे चालवून घ्यावे.

मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच पडून पुरवठा तोडणारा स्विच, बसवणे आवश्यकच आहे. समजा, सोसायटीच्या अर्थच्या खड्ड्याचा, म्हणजे अर्थची तार जिथे जमिनीत उतरते त्या जागेचा, रोध २० ओहम आहे. बॉडीला फेज लागल्यावर त्यातून साडेअकरा अँपिअरच्या आसपास करंट जाईल. तेवढ्यावर सहा अँपिअरची एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) लगेच पडेलच असे नाही आणि जुन्या कटआउटमधली दहा अँपिअरची फ्यूज तार तर बहुधा वितळणारच नाही. आरसीसीबी मात्र क्षणात पडते. पण दिव्याला अर्थच नसेल, तर ती माणसाने हात लावेपर्यंत थांबते, कारण गळतीला दुसरी वाटच नसते. म्हणून आरसीसीबी आहे तर अर्थिंग कशाला, हा युक्तिवाद टिकत नाही. घरी बसवल्यावर ती सारखी पडते म्हणून तिला बायपास करणारे महाभागही असतात. वास्तविक ती सारखी पडते याचा अर्थ गळती आहे किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झाले आहेत, आणि तो दोष शोधणे हेच वायरमनचे काम आहे.

आयएस ७३२ आणि आयएस ३०४३ या भारतीय मानकांत घरातील वायरिंगचे आणि अर्थिंगचे नियम तपशिलाने दिलेले आहेत. नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो, पण त्यानंतर घरात कितीही दिवे बदलले तरी बहुतेक घरांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. म्हणून दिव्यांच्या दुकानदारांनी धातूचा दिवा विकताना 'पॉइंटला अर्थची वायर आहे का' एवढे विचारावे, आणि नसेल तर वायरमनने तो दिवा टांगण्यास नकार द्यावा, अशी माझी विनंती आहे. सोसायट्यांनीही अर्थच्या खड्ड्याचा रोध परवानाधारक व्यक्तीकडून दर वर्षी मोजून घ्यावा, आणि तो एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना मोजावा. पावसाळ्यात ओल्या मातीमुळे आकडा कमी, म्हणजे चांगला दिसतो.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, पुणे